डब्ल्यूएमए आणि एम४एची गाणी एमपी३ करताना: ३२० की १९२, आणि मूळ फाइल पुसायच्या का?

प्रश्न ऐरोलीच्या एका गृहस्थांचा आहे. वडिलांनी २००३ ते २०१०च्या दरम्यान घरातल्या सीडी आणि कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या. तीन हजारांच्या आसपास गाणी आहेत. बरीचशी डब्ल्यूएमएमध्ये, काही आयपॉडच्या दिवसांतली एम४ए, आणि कॅसेटची एकेक बाजू सलग एमपी३मध्ये. गाडीतला स्टिरिओ एमपी३ सोडून काही वाजवत नाही. सोसायटीतल्या एका जाणकाराने सांगितलं, ‘आधी सगळं फ्लॅक करून घ्या, मग त्याचं ३२०चं एमपी३ करा, गेलेली क्वालिटी परत येते.’ (फ्लॅक म्हणजे काही न गमावता आवाज साठवणारा फाइलचा प्रकार.) तर हे करावं का, आणि झालं की जुन्या फाइल पुसाव्यात का, कारण हार्ड डिस्क भरत आलीय.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळ्याला दुसरी संधी आहे, त्याला नाही. पुसू नका. तीन हजार गाणी, सरासरी पाच मिनिटं धरली तर पंधरा हजार मिनिटं. १२८च्या बिटरेटला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट खर्च करणाऱ्या फाइलला, मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो, म्हणजे वडिलांचा अख्खा संग्रह पंधरा जीबीच्या आतबाहेर. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हचा अर्धा भागही भरत नाही. हार्ड डिस्क भरलीय ती मोबाइलच्या व्हिडिओंनी, बघा एकदा.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न वरवर ‘कुठला बिटरेट’ असा दिसतो, पण खरा प्रश्न आहे की एकदा दाबलेलं गाणं दुसऱ्या पद्धतीने पुन्हा दाबलं तर त्याचं काय होतं. मी ठाण्याच्या नौपाड्यात बसून लोकांच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देतो आणि हौशी नाट्यसंस्थांसाठी पार्श्वसंगीताच्या फाइल तयार करतो. त्यामुळे हे ‘पुन्हा दाबणं’ रोज समोर येतं.

सीडीवरचं गाणं सेकंदाला १४११ किलोबिट खातं. १२८ची फाइल म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा. उरलेले दहा हिस्से कुठे गेले? एमपी३, एएसी (एम४ए फाइलच्या आत बहुधा हेच असतं), डब्ल्यूएमए, ऑग व्हॉर्बिस, या सगळ्यांचं तत्त्व एकच: कानाला जे ऐकू येणार नाही ते नेमकेपणाने साठवायचंच नाही. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कान टिपत नाही, म्हणून तिथे आकडे ढोबळ करायचे. आकडे ढोबळ केले की खरखर तयार होते, पण ती ऐकू येण्याच्या रेषेच्या जरा खाली ठेवलेली असते. सगळी हुशारी या ‘जरा खाली’मध्ये आहे.

अडचण दुसऱ्या फेरीत येते. डब्ल्यूएमए उलगडून त्याचं एमपी३ करताना एमपी३च्या एन्कोडरला, म्हणजे आवाज दाबणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीत नसतं की यातलं गाणं कुठलं आणि आधीच्या फेरीतली खरखर कुठली. तो दोन्हीला गाणंच समजतो, त्या खरखरीवरही बिट खर्च करतो आणि स्वतःची खरखर वरून घालतो. शिवाय प्रत्येकाचे तुकडे पाडायचे माप वेगळं. एमपी३ची एक फ्रेम, म्हणजे एक तुकडा, आवाजाच्या ११५२ नमुन्यांची (मोजमापांची), म्हणजे सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २६ मिलिसेकंदांची. एएसीची १०२४ची. मापं जुळत नाहीत, त्यामुळे पहिल्या फेरीत जे साठवलं तेच्या तेच दुसऱ्या फेरीत सापडत नाही, कापणी नव्या जागी होते. दोन खरखरी एकत्र आल्या की रेषेच्या खाली असलेलं वर डोकावतं.

ते कुठे डोकावतं हे आपल्या संगीतात चांगलं कळतं. गळा आणि पेटी बराच मार सहन करतात. पहिले मरतात ते टाळ, चिपळ्या आणि झांज. मग तबल्याचा चाटेवरचा ‘ना’, ढोलकीची टिपेची थाप, तानपुऱ्याची जवारी आणि मैफलीतल्या टाळ्या. ‘ना’चंच घ्या. थाप पडायच्या आधी शांतता आहे आणि एका क्षणात आवाज वर जातो. एन्कोडरची खरखर मात्र पूर्ण तुकडाभर पसरते, म्हणजे थापेच्या आधीच्या शांततेतही. कानाला थापेआधी एक ‘फुस्स’ अशी सावली लागते आणि थापेची धार बोथट होते. असा आघात ओळखला की चांगला एन्कोडर तुकडे बारीक करून हे टाळतो. पण पहिल्या फेरीतच धार गेलेली असेल तर दुसऱ्याला आघात ओळखणंच जड जाऊ शकतं.

माझ्याकडे हे सगळ्यात जास्त दिसतं ते नाटकवाल्यांच्या फाइलमध्ये. कोणीतरी गाणं एमपी३मध्ये मिळवतं, दुसरा ते ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये कापून पुन्हा एमपी३ काढतो, तिसरा त्यात दिंडीचा आवाज मिसळून पुन्हा एमपी३, आणि कोणाच्या तरी फोनवर त्याचं एम४ए होतं. तालमीत ब्लूटूथच्या डबड्यावर सगळं छान वाजतं. गडकरी रंगायतनच्या मोठ्या स्पीकरवर लावलं की टाळ वाजत नाही, शिशाच्या गोळ्या पाण्यात हलवल्यासारखा खुळखुळतो. मग लोक ‘साउंडवाल्याने ट्रेबल वाढवलाय’ म्हणून त्या बिचाऱ्याला धरतात. मी सरळ सांगतो, मधली कामं वेव्ह (न दाबलेली फाइल) किंवा फ्लॅकमध्ये करा आणि एमपी३ फक्त शेवटी एकदा काढा.

आता सोसायटीतल्या सल्ल्याकडे. फ्लॅक हे प्रकरण उत्तम आहे, २००१पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात काही गमावलं जात नाही. पण ‘काही गमावत नाही’ म्हणजे जे हातात आहे ते गमावत नाही. अर्धा किलो पोहे पाच किलोच्या डब्यात भरले तर डबा मोठा दिसेल, पोहे तेवढेच. १२८च्या डब्ल्यूएमएचं फ्लॅक केलं तर फाइल पाच-सहा पट फुगेल आणि आवाज अगदी डब्ल्यूएमएइतकाच राहील. नुकसान नाही, फायदाही नाही. तोटा असलाच तर दहा वर्षांनी घरातल्या कोणालातरी वाटेल की फ्लॅक आहे म्हणजे हीच खरी प्रत, आणि तो खरी डब्ल्यूएमए पुसून मोकळा होईल. त्यातून पुढे एमपी३ करायचं असेल तर कन्व्हर्टर आतल्या आत फाइल उलगडून घेतोच, मध्ये वेगळं फ्लॅक करून हाती काही लागत नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर स्पेक नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. फाइल त्यात टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा. सीडीवरून घेतलेल्या चांगल्या फ्लॅकमध्ये रंग वर २० किलोहर्ट्झच्या पुढेपर्यंत जातात. १२८च्या एमपी३मध्ये बहुधा १६च्या आसपास कात्रीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते आणि वर काळोख. तीच फाइल ‘३२०’ करून पुन्हा उघडा, रेघ तिथल्या तिथे असते. बाजारात आणि पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या किती ‘३२०’ फाइल अशा निघतात! फक्त एक सांभाळा: जुनी ध्वनिमुद्रणं आणि कॅसेट यांत वरची पट्टी मुळातच नसते, तिथे चित्र बघून फाइलला खोटं ठरवू नका.

मग ३२० निरर्थक का? नाही, आणि इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात: ‘मूळ १२८ आहे ना, मग एमपी३पण १२८च करा, जास्त कशाला?’ हे चूक. दुसऱ्या फेरीतला बिटरेट गेलेलं परत आणत नाही, पण अजून किती जाणार ते तोच ठरवतो. १२८वरून १२८ केलंत तर दुसरी खरखर पहिलीच्या तोडीची असेल. १९२ केलंत तर ती बरीच खाली राहील, ३२०ला आणखी खाली. म्हणून मूळच्यापेक्षा वरचा बिटरेट घ्यायचा, फक्त त्यातून सुधारणेची अपेक्षा ठेवायची नाही.

तुमच्या बाबतीत मी ३२० घेणार नाही, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. ३२०ला मिनिटाला २.४ एमबी, पंधरा हजार मिनिटांचे ३६ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसत नाहीत. ६४ घ्यावा तर तो बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतो आणि गाडीतले बरेच स्टिरिओ फॅट३२ सोडून दुसरं ओळखत नाहीत. १९२ला हाच संग्रह बावीस जीबीच्या आत मावतो. एमपी३साठी लेम हा एन्कोडर वापरा, जवळजवळ प्रत्येक चांगल्या कन्व्हर्टरमध्ये तोच असतो. त्यात ‘व्ही२’ नावाची बदलत्या बिटरेटची सेटिंग आहे, सरासरी १९०च्या आसपास येते, आणि जिथे टाळ-ढोलकी आहे तिथे जास्त, जिथे नुसता आलाप आहे तिथे कमी बिट देते. माझी पसंती त्याला. फार जुन्या स्टिरिओवर बदलत्या बिटरेटच्या गाण्याची वेळ चुकीची दिसते किंवा पुढे ढकलताना अडखळतं, तसं झालं तर सरळ स्थिर १९२ घ्या.

फरक ऐकू येईल का, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर शेजारून ट्रेलर जात असताना १२८ आणि ३२० यांतला फरक तुम्हाला काय, मलाही कळणार नाही. विटाव्याच्या पुलाशी काचा वर करून अर्धा तास अडकलात तर कदाचित कळेल. घरी हेडफोन लावून ऐकणार असाल तर गोष्ट वेगळी. टाळ असलेला एखादा अभंग घ्या, त्याच्या १९२ आणि ३२० अशा दोन प्रती करा, आणि नावं न बघता दुसऱ्या कोणाला तरी लावायला सांगा. नावं बघून ऐकलं की प्रत्येकाला ३२० गोड लागतं.

पण थांबा, कन्व्हर्ट करायच्याही आधी दोन गोष्टी तपासा. स्टिरिओ खरंच फक्त एमपी३ वाजवतो का? डॅशबोर्डवरच्या पट्टीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत बऱ्याचदा डब्ल्यूएमए, एएसी लिहिलेलं असतं. काही वेळा फाइल वाजत नाही ती फॉरमॅटमुळे नाही, तर पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केल्यामुळे. एकच डब्ल्यूएमए आणि एकच एम४ए फॅट३२च्या पेनड्राइव्हवर टाकून बघा. वाजली तर हा सगळा खटाटोप वाचला. नुसतं फाइलचं शेवटचं नाव बदलून डॉट एमपी३ करू नका, त्याने आतलं काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एम४ए हे फक्त वेष्टन आहे. आत एएसी असू शकतं, जे दाबून गमावलेलं असतं, किंवा ॲपलचं एएलएसी असू शकतं, ज्यात काहीच गमावलेलं नसतं. दोन्हींचं नाव एकच. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बिटरेट बघा. १२८ किंवा २५६ दिसलं तर एएसी. सातशे, आठशे, नऊशे असलं काही दिसलं तर एएलएसी, आणि मग ती वडिलांनी सीडीची हुबेहूब प्रत ठेवलीय असं समजा. त्यातून केलेलं एमपी३ ही पहिलीच फेरी, निर्धास्त करा. आणि पुसण्याचा विचार मनात आणला असेल तर तो विशेष करून या फाइलसाठी काढून टाका.

कॅसेटच्या एमपी३ फाइलना तर कन्व्हर्टरमध्ये टाकायचंच नाही. त्या आधीच एमपी३ आहेत. तुम्हाला फक्त अर्ध्या तासाच्या एका बाजूतून गाणी सुटी करायची असणार. त्यासाठी ऑडॅसिटी उघडलीत तर कापून झाल्यावर ती फाइल नव्याने एन्कोड करते, म्हणजे एक फेरी फुकट वाढली. एमपी३डायरेक्टकट नावाचा प्रोग्रॅम फ्रेमच्या सांध्यावर कापतो आणि आतला मजकूर जसाच्या तसा उचलून ठेवतो. कापण्याची अचूकता २६ मिलिसेकंद, कॅसेटवरच्या दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत ती भरपूर झाली. तसंच आवाजाचं. काही गाणी दबकी, काही कानात भसकन येणारी अशी असतील, तर एमपी३गेन वापरा. एमपी३च्या प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाची पातळी सांगणारा एक आकडा असतो, एमपी३गेन फक्त तेवढा आकडा बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि नको वाटलं तर मागेही घेता येतं. कन्व्हर्टरमधली ‘नॉर्मलाइझ’ची (आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची) खूण काढून ठेवा आणि हे काम शेवटी याच्याकडून करून घ्या.

इथपर्यंतचं कामाच्या भाषेत सांगायचं तर: मूळ संग्रह एका बाजूला, त्याला हात नाही; कॅसेटची एमपी३ फक्त कापून; डब्ल्यूएमए आणि एम४ए थेट लेम व्ही२ने एकदाच; आणि ही नवी प्रत फक्त गाडीची. उद्या गाडी बदलली तर ही प्रत टाकून द्यायची आणि पुन्हा मूळ संग्रहातून नवी काढायची, या एमपी३मधून नाही.

कन्व्हर्ट करायला विंडोजवर मी फूबार२००० वापरतो. अख्खं फोल्डर एकदम घेतो, गाण्यांची माहिती सोबत नेतो, फक्त लेमचा एन्कोडर पॅक वेगळा बसवावा लागतो. तो नको असेल तर फ्रीएसी आहे, त्यात सगळं आतच असतं. वेबसाइटवर फाइल चढवून एमपी३ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. तीन हजार गाणी चढवत बसाल, तिथे बिटरेट काय लागला हे बहुतेक कळत नाही, आणि जाहिरातींतून चुकीचं बटण दाबलं गेलं की कॉम्प्युटरमध्ये नको ते येतं.

काही डब्ल्यूएमए फाइल कन्व्हर्ट व्हायला साफ नकार देतील. त्या काळच्या विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडी उतरवताना ‘कॉपी प्रोटेक्ट’ असा एक पर्याय असायचा. तो चालू राहिला असेल तर फाइल त्या एका कॉम्प्युटरच्या परवान्याला बांधलेली असते. तो जुना कॉम्प्युटर माळ्यावर असेल आणि चालू होत असेल तर तिथे निदान वाजतील. नाहीतर सीडी शोधणं हाच मार्ग.

आणि सीडी सापडल्या तर माझं मत स्पष्ट आहे: त्या गाण्यांसाठी डब्ल्यूएमएवर वेळ घालवू नका. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीने सीडी थेट फ्लॅकमध्ये उतरवा. ओरखडे असतील तर तो तीच जागा पुन्हापुन्हा वाचून बघतो आणि कुठे शंका राहिली ते सांगतो. अशी एक सीडी फ्लॅकमध्ये तीन-चारशे एमबी घेते. मग गाडीसाठी एमपी३, फोनसाठी एएसी, काय हवं ते त्यातून, आणि दर वेळी पहिलीच फेरी. सगळं एकदम होत नाही, म्हणून क्रम लावा. बाजारात किंवा ऑनलाइन आजही मिळणारी गाणी शेवटी ठेवा. आधी ते घ्या जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही: आजीच्या ओव्या, घरच्या भजनाची कॅसेट, गणपतीतली आरती, कोणाच्या तरी बारशाचं रेकॉर्डिंग. कॅसेट अजून असेल तर जुनं एमपी३ घासत बसण्यापेक्षा ती चांगल्या डेकवरून थेट वेव्हमध्ये पुन्हा घेणं केव्हाही बरं. कॅसेटच्या सळसळीने एमपी३चे बरेच बिट खाल्लेले असतात, कारण सळसळ ही एन्कोडरच्या दृष्टीने फार गुंतागुंतीची गोष्ट आहे.

फोनवरून ब्लूटूथने ऐकायचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या की ब्लूटूथ स्वतः आवाज पुन्हा दाबून पाठवतं. सगळ्यांना बंधनकारक असलेला त्याचा कोडेक, म्हणजे दाबण्याची पद्धत, एसबीसी. म्हणजे डब्ल्यूएमएचं एमपी३ केलंत आणि ते ब्लूटूथने लावलंत तर तीन फेऱ्या झाल्या. फोनमध्ये मूळ एम४ए थेट वाजतं, ते तसंच लावा, मधली एमपी३ची फेरी वाचेल. ऑक्सची वायर चालत असेल तर ब्लूटूथचीही.

राहिली गाण्यांची नावं. वडिलांनी ती देवनागरीत भरली असतील तर बऱ्याच स्टिरिओवर नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये टॅगचा (फाइलमध्ये भरलेल्या गाण्याच्या माहितीचा) प्रकार आयडी३ व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ ठेवून बघा, सगळ्यात जास्त यंत्रं तो वाचतात. तरीही चौकोन आले तर स्टिरिओत देवनागरी अक्षरंच नाहीत, गाडीच्या प्रतीपुरती रोमन नावं करा. मूळ संग्रहातली देवनागरी तशीच राहू द्या. आणि फोल्डर पेनड्राइव्हवर एकेक करून, क्रमाने कॉपी करा. पुष्कळ स्टिरिओ नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कॉपी झालं त्याच क्रमाने वाजवतात, आणि मग विलंबित आधी यायच्या ऐवजी द्रुत आधी येतो.